जॉन वूलमन

जॉन वूलमन (१९ ऑक्टोबर, १७२० – ७ ऑक्टोबर, १७७२) हे ब्रिटिश अंमलाखालील उत्तर अमेरिकेतील न्यू जर्सी वसाहतीचे रहिवासी, व्यवसायाने शिंपी व दुकानदार, क्वेकर पंथाचे उपदेशक, लेखक आणि गुलामगिरीचे आरंभीचे विरोधक होते. क्वेकरांनी स्वतःच्या घरांतील गुलामांना मुक्त करावे यासाठी त्यांनी सुमारे तीस वर्षे वसाहतींमधून प्रवास केला. त्यांच्या निधनानंतर १७७४ साली प्रसिद्ध झालेली त्यांची 'जर्नल' ही आत्मकथनपर दैनंदिनी अमेरिकेतील आध्यात्मिक वाङ्मयात महत्त्वाची मानली जाते. आपण जे सत्य मानतो ते आपल्या अन्नात, वस्त्रात, व्यापारात आणि हस्ताक्षरातही दिसले पाहिजे, हा त्यांच्या आयुष्याचा गाभा होता.

पार्श्वभूमी

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या उपदेशातून 'रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स' हा पंथ उदयास आला. त्याचे अनुयायी स्वतःस 'फ्रेंड्स' म्हणजे मित्र म्हणवीत. 'क्वेकर' हे मूळचे चेष्टेने दिलेले नाव पुढे रूढ झाले. प्रत्येक मनुष्याच्या अंतरी ईश्वरी प्रकाश असतो व तो पुरोहिताच्या मध्यस्थीवाचून अनुभवता येतो, ही या पंथाची मूळ श्रद्धा होय. क्वेकरांची पारंपरिक उपासना मौनात चालते. ज्याला आतून प्रेरणा होईल तोच उठून बोलतो.

या श्रद्धेतून निपजणाऱ्या आचरणाला क्वेकर 'साक्ष' म्हणतात. येथे साक्ष म्हणजे न्यायालयातील जबानी नव्हे, तर अंतरीच्या सत्याची जगण्यातून दिलेली ग्वाही. सत्यनिष्ठेची साक्ष ही त्यांपैकी एक. शपथ घेतली तर शपथेवाचूनचे बोलणे कमी खरे ठरते, म्हणून क्वेकर शपथ घेत नसत. घासाघीस न करता मालाची एकच किंमत सांगण्याची प्रथा त्यांच्या व्यापाऱ्यांनी पाळली. मोठ्या पदावरील व्यक्तीलाही ते बहुवचनाने न संबोधता 'तू' असेच म्हणत, कारण आदरार्थी बहुवचन त्यांना खुशामत वाटे. शांतता, साधेपणा व समानता या अन्य साक्षीही याच मुळातून आल्या.

मात्र पेनसिल्व्हेनिया व न्यू जर्सी येथे स्थायिक झालेल्या अनेक क्वेकर कुटुंबांकडे अठराव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकी गुलाम होते. १६८८ साली जर्मनटाऊन येथील चौघांनी याविरुद्ध लेखी निषेध नोंदविला होता, पण त्यावर वरिष्ठ सभांनी निर्णय घेतला नाही. १७३८ साली बेंजामिन ले यांनी बर्लिंग्टन येथील वार्षिक सभेत लाल रसाची पिशवी दडविलेल्या ग्रंथात तलवार खुपसून गुलाम बाळगणाऱ्यांवर रक्तासारखे शिंतोडे उडविले. पंथाने त्यांना बाहेर काढले. वूलमन यांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला.

बालपण व शिक्षण

वूलमन यांचा जन्म न्यू जर्सीतील बर्लिंग्टन परगण्यात रॅन्कोकस नदीकाठच्या शेतकरी कुटुंबात झाला. सॅम्युएल वूलमन व एलिझाबेथ बर या दांपत्याच्या तेरा अपत्यांपैकी ते चौथे होत. त्यांचे शालेय शिक्षण क्वेकरांच्या गावशाळेत झाले आणि पुढील ज्ञान त्यांनी वाचनातून मिळविले.

लहानपणीचा एक प्रसंग त्यांनी पुढे लिहून ठेवला आहे. शेजाऱ्याच्या घरी जाताना त्यांना घरट्याजवळ रॉबिन पक्ष्याची मादी दिसली. खेळाच्या भरात मारलेल्या दगडाने ती मेली, तेव्हा आईवाचून पिले तडफडून मरतील हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी झाडावर चढून पिलांनाही मारले आणि कित्येक दिवस त्या कृत्याने ते अस्वस्थ राहिले. एक क्रूर कृती दुसरीला कशी भाग पाडते आणि जीवमात्राविषयीची करुणा मनुष्याच्या अंतरी कशी रुजविलेली असते, याचा हा त्यांना आलेला पहिला अनुभव होता.

विक्रीखताचा प्रसंग

वयाच्या एकविसाव्या वर्षी वूलमन माउंट हॉली या गावी एका दुकानदाराकडे हिशेब व विक्री पाहण्यासाठी राहिले. काही काळाने मालकाने आपल्याजवळची एक कृष्णवर्णीय स्त्री विकली आणि तिचे विक्रीखत लिहिण्यास वूलमन यांना सांगितले. खरेदीदार दाराशी थांबला होता. एका मनुष्यप्राण्याच्या विक्रीचा दस्तऐवज लिहावा लागणार, या विचाराने ते अस्वस्थ झाले. परंतु आपण वर्षाच्या बोलीवर नोकरीस आहोत, आज्ञा मालकाची आहे आणि खरेदीदारही आपल्याच पंथातील वृद्ध सद्गृहस्थ आहे, असा विचार करून त्यांनी खत लिहून दिले. लिहितानाच, गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे, असे त्यांनी दोघांसमोर सांगितले. तेवढ्याने मनाचा भार थोडा हलका झाला, तरी विवेकाविरुद्ध वाटणाऱ्या त्या कामातून आपण स्पष्टपणे माफी मागून घ्यावयास हवी होती, असे मत त्यांनी पुढे नोंदविले.

त्यानंतर थोड्याच काळात पंथातील एका तरुणाने असेच खत लिहून मागितले, तेव्हा त्यांनी सौम्य शब्दांत नकार दिला. तो तरुण स्वतःही या व्यवहाराविषयी पूर्ण समाधानी नव्हता. ती गुलाम स्त्री त्याच्या पत्नीला भेट म्हणून मिळाली होती. आपली साक्ष ऐकणाऱ्याच्या मनातही कोठेतरी आधीपासून असते, ही जाणीव वूलमन यांच्या पुढील कार्याचा आधार ठरली.

मृत्युपत्रे व गुलामांची मुक्तता

सुवाच्य अक्षर व कायदेशीर कागदपत्रांची जाण यामुळे परिसरातील लोक मृत्युपत्रे लिहून घेण्यासाठी वूलमन यांच्याकडे येत. हे काम प्रतिष्ठेचे होते व त्यातून मिळकतही होत असे. गुलाम वारसांना देण्याचा मजकूर असलेले मृत्युपत्र लिहावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले.

एका जखमी शेजाऱ्याने त्यांना बोलावून मृत्युपत्र सांगितले. त्यात घरातील एक तरुण गुलाम स्त्री आपल्या अपत्याकडे जावी अशी इच्छा होती. वूलमन यांनी तेवढा भाग वगळून बाकीचा मजकूर लिहिला, मोबदला घेतला नाही आणि वगळण्याचे कारण मित्रभावाने सांगितले. दोघांत मोकळे बोलणे झाले, शेजाऱ्याने तिला मुक्त करण्याचे मान्य केले आणि मग मृत्युपत्र पूर्ण करण्यात आले. दुसऱ्या एका वृद्धाने नकार ऐकून मृत्युपत्र दुसऱ्याकडून लिहून घेतले. काही वर्षांनी तो पुन्हा आला, पुन्हा नकार घेऊन गेला आणि थोड्या दिवसांत गुलामांच्या मुक्ततेस राजी होऊन परत आला. या व्यवहारांत वूलमन यांनी कोणाची निर्भर्त्सना केली नाही. मात्र आपली लेखणी त्यांनी त्या कामास लावली नाही.

व्यवसायाचा संकोच

१७४३ च्या सुमारास वूलमन उपदेशक म्हणून बोलू लागले. उपजीविकेसाठी ते शिवणकाम शिकले व पुढे स्वतःचे दुकान चालवू लागले. १७४९ मध्ये त्यांचा विवाह सेरा एलिस यांच्याशी झाला. त्यांची कन्या मेरी १७५० साली जन्मली. १७५४ साली जन्मलेला पुत्र विल्यम तान्हेपणीच वारला.

दुकान भरभराटीस आले, तेव्हा वूलमन यांना त्यातच धोका दिसू लागला. व्यापार वाढला की मन गुंतते, गिऱ्हाईक गरजेपेक्षा अधिक माल उधारीवर घेते आणि गरीब माणूस कर्जात अडकतो, असे त्यांच्या लक्षात आले. १७५६ मध्ये त्यांनी गिऱ्हाइकांना आपला विचार आधी कळवून दुकान हळूहळू बंद केले. त्यानंतर ते शिकाऊ कामगार न ठेवता एकट्याने शिवणकाम करीत आणि सफरचंदांची बाग व रोपवाटिका सांभाळीत. चैनीच्या वस्तूंची हाव, त्यासाठी लागणारे अतिश्रम, त्यातून जन्मणारी पिळवणूक आणि अखेरीस युद्ध, अशी साखळी त्यांनी आपल्या लेखनात मांडली आहे.

दक्षिणेचे प्रवास व लेखन

क्वेकर पंथात उपदेशकाने स्वतःच्या मर्जीने प्रवासास निघण्याची रीत नव्हती. मनात उमटलेली प्रेरणा तो आपल्या मासिक सभेपुढे ठेवी. सभा मौनात विचार करून ती पारखी व मान्य झाल्यास लेखी संमतिपत्र देई. वूलमन यांनी हा दंडक आयुष्यभर पाळला. १७४६ मध्ये आयझॅक अँड्र्यूज यांच्यासह त्यांनी मेरीलँड, व्हर्जिनिया व नॉर्थ कॅरोलायना या वसाहतींत सुमारे १,५०० मैलांचा प्रवास केला. गुलामांच्या श्रमावर यजमान आरामात राहतात तेथील पाहुणचार त्यांना जड वाटे.

परतल्यावर त्यांनी गुलामगिरीविषयी एक निबंध लिहिला, परंतु तो अनेक वर्षे तसाच ठेवला. १७५० मध्ये मृत्युशय्येवरील वडिलांनी त्याविषयी विचारणा करून तो प्रसिद्ध करण्यास उत्तेजन दिले. 'सम कन्सिडरेशन्स ऑन द कीपिंग ऑफ निग्रोज' या नावाने तो १७५४ साली पंथाच्या संमतीने छापला गेला. त्याचा दुसरा भाग १७६२ मध्ये निघाला. दुसऱ्या भागासाठी पंथाचा निधी त्यांनी घेतला नाही. या निधीत गुलाम बाळगणाऱ्यांचीही वर्गणी होती, तसेच फुकट वाटलेले पुस्तक न वाचता पडून राहील असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी ते स्वखर्चाने छापून केवळ खर्च भागेल एवढ्या किमतीस विकले.

१७५७ मध्ये ते पुन्हा दक्षिणेत गेले. गुलामांच्या श्रमाचे अन्न फुकट खाणे म्हणजे अन्यायाच्या लाभात वाटेकरी होणे, अशी त्यांची धारणा झाली होती. म्हणून निघताना ते यजमानांच्या हाती चांदीची नाणी देऊन ती गुलामांना वाटण्याची विनंती करीत, तर काही ठिकाणी स्वतःच गुलामांना देत. संपन्न यजमानास असे पैसे देऊ करणे दोन्ही बाजूंना अवघड होते, तरीही त्यांनी हा नेम सोडला नाही.

युद्ध व कर

१७५४ मध्ये ब्रिटिश व फ्रेंच यांच्यात अमेरिकेत युद्ध सुरू झाले. युद्धखर्चासाठी बसविलेला कर भरावा की नाही, यावर क्वेकरांत मतभेद झाला. बहुसंख्य सदस्य कर भरीत असताना आपण नकार देणे वूलमन यांना क्लेशदायक वाटत होते, पण विवेकाविरुद्ध वागणे त्याहून भयंकर वाटले. १७५५ मध्ये समविचारी क्वेकरांनी कर न भरण्याची भूमिका मांडणारे पत्र काढले, त्यात त्यांचा सहभाग होता. १७५८ मध्ये माउंट हॉलीतील घरांत सैनिक ठेवण्याचा हुकूम आला. त्यांनी आपल्या घरी आलेल्या सैनिकास राहू दिले, परंतु त्यापोटी सरकारने देऊ केलेले पैसे नाकारले.

१७५८ ची वार्षिक सभा

१७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत गुलामगिरीचा प्रश्न निर्णयास आला. क्वेकर सभांत मतदान नसते. सर्वांची संमती आकारास येईपर्यंत चर्चा व मौन चालू राहते. गुलाम बाळगणारे अनेक सदस्य उघड समर्थन न करता, काळच मार्ग काढील असे म्हणत निर्णय लांबणीवर टाकू पाहत होते. बराच वेळ गप्प राहिलेले वूलमन उठले. पीडितांचा आक्रोश ईश्वरापर्यंत पोहोचला आहे आणि काहींच्या स्वार्थाकडे किंवा मैत्रीकडे पाहून कर्तव्य टाळले तर त्याचे उत्तर द्यावे लागेल, अशा आशयाचे ते थोडक्यात बोलले.

त्या भाषणानंतर सभेचा कल पालटला. गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना पंथाच्या कारभारातून दूर ठेवावे आणि गुलाम बाळगणाऱ्या सदस्यांना घरी जाऊन भेटावे, असे ठरले. भेटी देणाऱ्या समितीत वूलमन यांच्यासह जॉन स्कारबरो, डॅनियल स्टँटन व जॉन साइक्स हे होते. घरोघरी जाऊन, एकेका कुटुंबाशी खासगीत बोलण्याचे हे काम पुढे अनेक वर्षे चालले. १७६० मध्ये वूलमन गुलामव्यापाराचे मोठे केंद्र असलेल्या न्यूपोर्ट येथे गेले व तेथील वार्षिक सभेतही त्यांनी हा विषय मांडला.

वस्त्रे व आहार

१७६१–६२ पासून वूलमन यांनी रंगविलेले कपडे वापरणे टप्प्याटप्प्याने सोडले. रंगामुळे कापड कमकुवत होते व मळ धुतला न जाता झाकला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. ते बिनरंगाचे कपडे व नैसर्गिक रंगाची टोपी वापरीत. त्याच सुमारास काही शौकीन लोकांत पांढऱ्या टोप्यांची टूम होती. त्यामुळे आपल्याला त्यांच्यातलेच समजले जाईल याचा त्यांना संकोच वाटे, तर काही क्वेकर मित्र या विक्षिप्तपणामुळे त्यांच्यापासून दूर राहू लागले. वेस्ट इंडीजमध्ये गुलामांच्या श्रमातून होणारी साखरही त्यांनी वर्ज्य केली.

वायलूसिंगची यात्रा

१७६३ च्या जूनमध्ये वूलमन सस्क्वेहाना नदीकाठच्या वायलूसिंग या मूळ अमेरिकी वस्तीस गेले. निघण्याच्या आदल्या रात्रीच सीमेवर इंग्रजांचा किल्ला पडल्याची व लोक मारले गेल्याची वार्ता आली होती. बेंजामिन पार्व्हिन हे त्यांचे सहप्रवासी होते. वाटेत त्यांनी रम विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी केलेली हानी आणि वसाहतकारांनी मागे रेटलेल्या लोकांची दैन्यावस्था पाहिली. मूळ रहिवाशांच्या जीवनातून काही शिकता यावे, हाही आपला हेतू असल्याचे त्यांनी नमूद केले आहे. वायलूसिंग येथे एका सभेत त्यांनी दुभाष्याला थांबवून आपल्या भाषेत प्रार्थना केली. शब्द कळले नाहीत तरी ते जेथून येतात ते जाणवते, अशा अर्थाचे उद्गार तेथील पुढारी पापुनेहांग यांनी त्यानंतर काढले.

पूर्वीच्या कृत्यांची भरपाई

वूलमन यांनी हीच कसोटी स्वतःच्या भूतकाळालाही लावली. पूर्वी एका मृत्युपत्राचे व्यवस्थापक या नात्याने त्यांनी दुसऱ्या व्यवस्थापकासह एका कृष्णवर्णीय मुलाची सेवा तो तीस वर्षांचा होईपर्यंतच्या मुदतीसाठी विकली होती. गोऱ्या मुलांच्या उमेदवारीहून ही मुदत पुष्कळ अधिक होती. १७६९ च्या सुमारास याची टोचणी असह्य झाल्यावर, शेवटच्या साडेचार वर्षांच्या सेवेचा न्याय्य मोबदला त्याच्या मालकास आपण किंवा आपल्या पश्चात आपले वारस देतील, असे बंधपत्र त्यांनी करून दिले. दुकानात आपण वेस्ट इंडीजची रम, साखर व काकवी विकली होती, याचाही त्यांना खेद होता.

१७७० मध्ये फुप्फुसाच्या दाहाने ते मरणासन्न झाले. त्या आजारात त्यांना दुःखी मानवसमूहाचा राखाडी पुंज दिसला, आपण त्याच्याशी एकरूप आहोत असे वाटले आणि स्वतःचे नावही आठवेना. खाणीत राबणाऱ्या पीडितांच्या तोंडी ख्रिस्ताची निंदा आहे, असेही दृश्य त्यांनी पाहिले. बरे झाल्यावर त्यांनी चांदीच्या भांड्यांतून खाणेपिणे सोडले. जॉन वूलमन मेला, या आजारात ऐकलेल्या शब्दांचा अर्थ त्यांनी स्वतःच्या इच्छेचा मृत्यू असा लावला.

इंग्लंड व मृत्यू

१ मे, १७७२ रोजी वूलमन 'मेरी अँड एलिझाबेथ' या जहाजाने इंग्लंडला निघाले. प्रवाशांच्या खोलीवरील दिखाऊ नक्षीकाम साधेपणास धरून नाही व त्याचा खर्च भाड्यात येतो, म्हणून त्यांनी खलाशांच्या कोंदट भागात राहणे पत्करले. तेथे कोवळ्या वयाच्या खलाशी मुलांचे हाल त्यांनी जवळून पाहिले.

जूनमध्ये ते लंडनच्या वार्षिक सभेस उपस्थित राहिले. त्यांच्या पांढुरक्या वेशामुळे प्रारंभी स्वागत थंड झाले, असे सांगितले जाते. तथापि त्या वर्षीच्या सभेच्या पत्रात गुलामगिरीविरुद्ध उल्लेख आला. तेथून ते उत्तरेकडे पायी निघाले. वेगाने धावणाऱ्या टपालगाड्यांसाठी घोडे मरेपर्यंत पळविले जातात व गाडीवरची मुले थंडीत गारठून मरतात, हे कळल्यावर त्यांनी त्या गाड्यांतून प्रवास केला नाही आणि आपली पत्रेही त्या टपालाने पाठवू नयेत असे मित्रांना कळविले. मजुरांना दिवसाला दहा पेन्स मिळतात, धान्याचा भाव काय आहे, अशा नोंदी त्यांच्या दैनंदिनीच्या या भागात आढळतात.

सप्टेंबरअखेर यॉर्क येथे पोहोचल्यावर त्यांना देवीचा आजार झाला. ७ ऑक्टोबर, १७७२ रोजी टॉमस प्रीस्टमन यांच्या घरी त्यांचे निधन झाले. यॉर्कमधील बिशपहिल येथील क्वेकर दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

प्रभाव

वूलमन यांच्या हयातीत पंथाने गुलामगिरीवर पूर्ण बंदी घातली नव्हती. १७७६ मध्ये, त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सदस्यांना गुलाम बाळगण्यास मनाई केली. या बदलात अँथनी बेनेझेट यांच्यासह अनेकांचा वाटा होता. पुढे १७८३ मध्ये ब्रिटनमधील क्वेकरांनी गुलामव्यापाराविरुद्ध संसदेस अर्ज केला आणि १७८७ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या गुलामव्यापारविरोधी संस्थेच्या बारा संस्थापकांपैकी नऊ जण क्वेकर होते.

वूलमन यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'जर्नल' लिहावयास घेतली. इंग्रज निबंधकार चार्ल्स लँब यांनी तिची प्रशंसा केली. क्वेकर कवी जॉन ग्रीनलीफ व्हिटियर यांनी १८७१ मध्ये तिची आवृत्ती संपादित केली आणि १९०९ मध्ये 'हार्वर्ड क्लासिक्स' मालेच्या पहिल्या खंडात तिचा समावेश झाला. गरिबांच्या बाजूने लिहिलेला त्यांचा 'अ प्ली फॉर द पुअर' हा निबंध १७९३ मध्ये प्रसिद्ध झाला. माउंट हॉली येथे त्यांच्या नावाने स्मारकगृह आहे. ज्या विक्रीखताने त्यांच्या कार्याची सुरुवात झाली, त्यातील स्त्रीचे नाव मात्र त्यांच्या दैनंदिनीत आलेले नाही.